नळातली एकेचाळीसशे माणसं

मीटरमामांचा माणसाच्या तोंडावर कधीच विश्वास नव्हता. विश्वास मीटरवर. पाणीखात्यात चौतीस वर्षं घरोघरी फिरून आकडे टिपलेला माणूस. झाकण उचलायचं, काच अंगठ्याने पुसायची, आकडा वहीत उतरवायचा आणि जाता जाता घरातली बातमी घरच्यांनाच सांगायची. "सूनबाई माहेरी गेलेल्या दिसतात," असं ते पायरीवरूनच म्हणत आणि आत सासूच्या हातून भांडं पडे. एक नामांकित वकील आपण एकटेच राहतो असं जगाला सांगत. दर बुधवारी त्यांच्याकडे तिघांचं पाणी लागतं, हे त्या तिघांशिवाय फक्त मामांना ठाऊक होतं. एका घरातला म्हातारा वारला आणि पोरांनी ते चार महिने दाबून ठेवलं. मामांनी पहिल्याच महिन्यात दारातून हात जोडले आणि विचारलं, "कधी गेले?" माणशी रोज एकशे पस्तीस लिटर, असं त्यांचं गणित होतं, आणि त्या गणितातून कुणाची सुटका नव्हती.

निवृत्तीला सहा वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, ऐट तशीच होती. त्या ऐटीला नेमकं कुठे गोंजारायचं हे एकाच माणसाला माहीत होतं, त्यांच्या भाच्याला.

भाच्याचे वडील लवकर गेले तेव्हा बहीण त्याला घेऊन मामांकडेच राहायला आली. मामांना स्वतःचं मूलबाळ नाही. त्यांनी त्याला वाढवलं, शिकवलं, दोनदा नापास झाला ते बहिणीपासून लपवलं. आता तो चाळिशीला टेकला होता आणि रोज संध्याकाळी सातला पडद्यावर चालू घडामोडींवर बोलायचा. सगळं शहर त्याला 'ठासून' म्हणायचं, कारण त्याचं प्रत्येक वाक्य "मी ठासून सांगतो" इथून सुटायचं. त्याच्या बोलण्याने लोकांच्या टीव्हीची काच आतून ओली होते, अशी वदंता होती. गेलं वर्षभर त्याचा एकच विषय होता: आपण कमी होतोय आणि ते वाढतायत.

आपण म्हणजे जुन्या वस्तीतले. ते म्हणजे चौकापलीकडच्या नव्या गल्लीतले, कारखान्यात कामाला म्हणून आठ वर्षांपूर्वी बाहेरून आलेले. चाळीस घरं. सरकारी कागदावर माणसं दोनशे दहा. आता दोनशे दहा माणसांवर रोज अर्धा तास ओरडायचं म्हणजे घशाचे हालच. म्हणून दोन महिन्यांपूर्वी भाचा मामांच्या पलंगाच्या कडेला येऊन बसला.

"मामा, कागद खोटं बोलतो. पाणी खोटं बोलतं का?"

"पाणी? छे."

"मग तू सांग ना. गल्लीत खरी माणसं किती?"

गल्लीला पाणी एकाच मोठ्या नळातून जायचं. त्याचा मीटर टाकीच्या रस्त्यावर, चौकाच्या शंभर पावलं अलीकडे. तिथून तो नळ चौकाच्या पोटातून पलीकडे गल्लीत शिरायचा. मामांनी महिन्याच्या अंतराने दोनदा झाकण उघडून आकडा घेतला, वजाबाकी केली, भागाकार केला. उत्तर आलं चार हजार शंभर.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उत्तर तेच. असा आकडा आला की आधी सगळ्यांना नळ बंद करायला लावायचे आणि काटा थांबतो का ते बघायचं, हे खात्यात नव्याने लागलेल्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळतं. मामांनीच हे शेकडो जणांना सुनावलं होतं. पण दारात गाडी उभी होती, भाच्याने पाठवलेली, पाठीला उशी घातलेली. स्टुडिओत कुणीतरी त्यांच्या नाकाला पावडर लावायला खोळंबलं होतं. आणि सहा वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मामा गाडीत बसले.

घरात 'मामा, तू' म्हणणारा भाचा पडद्यावर "मामासाहेब, आपण सांगा" असं म्हणाला. मामांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे तो आकडा. दुसरी अशी, की जुन्या वस्तीतले मीटर झोपलेत. सहा खोल्यांच्या घरात एकटी बाई राहते, दिवसातून दोनदा काटा हलतो, तिची तिन्ही मुलं तीन देशांत पाणी पितात, तेव्हा आपण कमी का होतोय हे त्या मुलांना विचारा. रात्री घरी बसून कार्यक्रम पाहिला तेव्हा दुसरी गोष्ट त्यात नव्हती. "वेळ संपला रे मामा," भाचा म्हणाला.

आकड्याला मात्र पाय फुटले. तिसऱ्या दिवशी तो भिंतीभिंतीवर होता. कुणी सांगितलं, गल्लीत माणसं उभ्याने झोपतात, पाळीपाळीने. कुणी सांगितलं, एका खाटेखाली अकरा निघाली आणि बारावा पाहुणा होता. न्हाव्याच्या दुकानात एकाने शपथेवर सांगितलं, की त्याने एका घरात शिरताना मोजलेली माणसं घराच्या लांबी-रुंदी-उंचीत बसत नव्हती, म्हणजे खाली तळघर असणार. भाच्याला लोक खांद्यावर घेऊ लागले. आणि ज्याला लोक खांद्यावर घेतात त्याला खुर्ची दिसू लागते. त्याने निवडणूक लढवायचं जाहीर केलं आणि पहिली सभा ठेवली चौकात, पाच वाजता. सभेनंतर सगळ्यांनी मिळून गल्लीत शिरायचं, घरोघर जाऊन स्वतः मोजायचं आणि दोनशे दहाच्या वर निघेल त्याला बाहेर काढायचं.

त्या सभेच्या दिवशी सकाळी अकराला मामांच्या दारात एक बाई उभी राहिली. मानेभोवती टेप, हाताच्या बोटात अंगुस्तान. गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं दुकान चालवणारी शिंपीणबाई. मामांनी तिला पाहिलं होतं, बोलले कधी नव्हते.

"मीटरवाले काका तुम्हीच ना?"

"मीच. काय काम?"

"काम काही नाही. एकेचाळीसशे माणसांचा बाप बघायला आले."

मामांनी दार ढकलायला हात घातला. तिने दारात पाय रोवला नाही, आवाजही चढवला नाही. नुसतं म्हणाली, "संध्याकाळी तुमची माणसं येणार आहेत, तेव्हा बायका-पोरांना आंघोळ तरी घालून ठेवावी म्हटलं, नीट मोजता यावीत. पण बादली भरायला पाऊण तास लागतो. दोन महिने झाले, नळाला करंगळीएवढी धार आहे. एकेचाळीसशे माणसं पाणी पितात म्हणता, ते पितात कुठनं तेवढं सांगा."

मामांचा हात दारावरच राहिला.

"करंगळीएवढी?"

"माझ्या करंगळीएवढी. तुमच्या नव्हे."

मीटरमधून पाणी जातंय चार हजार माणसांचं आणि तोटीला धार करंगळीएवढी. ही तफावत त्यांच्या ओळखीची होती. जिथे जिथे नळ फुटलेला निघाला होता, तिथे तिथे त्यांना आधी हीच भेटली होती. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, कपाटामागून काठीएवढी लांब लोखंडी सळई काढली आणि चपला चढवल्या.

"बाई, गल्लीतल्या चाळीसच्या चाळीस घरांना नळ बंद करायला सांगता येईल? दहा मिनिटं. एक थेंब नको."

"तुमच्या सांगण्यावरून?" ती हसली. "तुमचं नाव काढलं तर चाळीस घरं नळ उपटून तुमच्या डोक्यात घालतील."

"मग माझं नाव काढू नका."

टाकीच्या रस्त्यावर मामा गुडघे धरत धरत खाली बसले आणि झाकण बाजूला सारलं. शिंपीणबाई शेजारी उभी राहून फोनवर गल्लीशी बोलत होती. एकेक घर नळ बंद केल्याचं कळवत होतं. एकोणचाळीस झाली, चाळिसावं अडलं. एका गड्याने डोक्याला साबण लावला होता. "डोळे मीट आणि बस म्हणावं तसाच," बाई म्हणाली. मग फोन खाली घेऊन: "झालं. सगळे बंद."

मामांनी काच पुसली. लाल काटा भिरभिर फिरत होता. त्यांनी मनात शंभर मोजले. काटा फिरत होता. दोनशे. काटा तसाच, भोवऱ्यासारखा. पलीकडे दोनशे दहा माणसं कोरड्या तोट्यांसमोर गप्प बसली होती आणि त्यांच्या नावावर चार हजार माणसं पाणी पीतच होती.

"काय दिसतंय?" बाईने विचारलं.

"मी गाढव आहे असं दिसतंय," मामा म्हणाले.

मग ते उठले आणि नळाच्या वाटेवरून निघाले. दर दहा पावलांवर थांबायचं, सळईचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. टाकीच्या रस्त्यावर काही नाही. चौकाच्या तोंडाशी बारीक सूं. चौकात शिरल्यावर आवाज जाड होत गेला. चौकाच्या मध्याशी, जिथे सभेचा मंच उभा राहत होता, तिथे सळई कानाला लावली आणि मामांनी ती झटकन काढली. खाली पाणी गळत नव्हतं, वाहत होतं. घळीतून वाहावं तसं, पोकळीत घुमत. पन्नास वर्षांपूर्वी बुजवलेला नाला होता तिथे. फुटलेल्या नळाचं पाणी त्या जुन्या वाटेने माती घेऊन चाललं होतं, दोन महिने, रोज पाच लाख लिटर. म्हणूनच वर ओल नव्हती.

मंच ठोकणारा मांडववाला त्यांच्याकडे बघत होता. "आजोबा, सरका. हा कोपरा भुसभुशीत आहे. सकाळी एक बांबू रोवला तर दोन पुरुष खोल आत गेला आपोआप. काढायला गेलो तर हाताला लागेना. मग फळ्या टाकल्या वरून."

"दोन पुरुष?"

"कमी नाही. ठासूनसाहेबांना सांगितलं, ते म्हणाले फळ्या टाका."

दुपारचा एक वाजला होता. मामांनी पंप हाऊसला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, व्हॉल्व बंद करायला साहेबांची सही लागते, आणि साहेब अर्ध्या दिवसाची रजा घेऊन सभेची जागा धरायला गेलेत. मामा बंदोबस्तावरच्या अंमलदाराकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग त्यांच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर मामांचंच चित्र होतं, हाताएवढं नाक, खाली आकडा.

"मामा, तुम्हीच म्हणालात ना ते? गल्लीत एवढी माणसं आहेत म्हणून?"

"चुकलं माझं. माणसं नाहीत, पाणी आहे."

"आज पाणी. उद्या काय म्हणाल? मी वर काय कळवू? आकडा खरा की तुम्ही खरे?" तो वाईट माणूस नव्हता. त्याने मामांना खुर्ची दिली, चहा मागवला. चौक मात्र रिकामा केला नाही.

चारपर्यंत हजारभर माणसं जमली, साडेचारला दोन हजार. ढोल होता. झेंडे होते. जुन्या वस्तीतल्या म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या, एकट्याने राहून राहून कंटाळलेल्या, इतकी माणसं एकत्र पाहून सुखावलेल्या. मामा त्यांच्यातून वाट काढत मंचामागे गेले. भाचा आरशासमोर उभा राहून गळ्याला मफलर गुंडाळत होता.

"आलास? वेळेवर आलास. पहिला तूच बोलणार आहेस. आकडा सांगायचा आणि खाली बसायचं."

मामांनी त्याला सगळं सांगितलं. नळ, काटा, सळई, नाला, बांबू. भाच्याने एकदाही मधे तोंड घातलं नाही, ही गोष्टच भयंकर होती. सांगून झाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मला बांबूचं माहीत आहे."

"मग?"

"मग काय मामा, दोन महिने टिकलंय, दोन तास नाही टिकणार? वीस मिनिटांत आवरतो. मग सगळे गल्लीकडे निघतील, चौक आपोआप रिकामा होईल."

"दोन हजार माणसं ढोलावर पाय आपटत निघतील, पोकळीवरून. अरे, तू स्वतः तिच्या बरोब्बर वर उभा राहणार आहेस."

"आणि आता मी काय सांगू त्यांना? एकेचाळीसशे माणसं नाहीत, नळ फुटलाय? मी? आज?" त्याने मफलरची गाठ घट्ट केली. "तू दिलास ना आकडा. मी मागितला होता का एकेचाळीसशे? तू पाचशे म्हणाला असतास तर मी पाचशेवर भागवलं असतं."

हे खरं होतं.

"पाण्याबिण्याचं आज काढू नकोस," भाचा म्हणाला, आणि त्यांना दंडाला धरून मंचाच्या पायऱ्यांवर घेऊन गेला.

मामा माईकसमोर उभे राहिले. पायाखालच्या फळ्या जरा जास्तच मऊ लागत होत्या. समोर दोन हजार तोंडं. 'पळा' म्हणावं तर चार हजार पाय एकदम धावतील आणि सगळे एकदम जातील. खरं सांगावं तर हुर्यो होईल, पाय आपटले जातील, आणि परिणाम तोच. मामांनी आयुष्यभर माणसांना खोटं बोलताना पकडलं होतं. स्वतः बोलायची वेळ आली नव्हती, सवय नव्हती, त्यामुळे ते एकदम फार मोठं बोलून गेले.

"हळू," ते माईकमध्ये कुजबुजले. "ढोल थांबवा. हळू ऐका. एकेचाळीसशे माणसं गल्लीत नाहीत. मला आत्ता कळलंय. दुपारीच निसटलीत. टाकीच्या मैदानात लपून बसलीत, सगळीच्या सगळी, बायका-पोरांसकट. गल्लीत जाऊन तुम्हाला एक माणूस मिळायचं नाही. आपल्याला तिकडे जायचंय. पण त्यांचे कान जमिनीला आहेत. पावलाचा आवाज झाला की संपलं, उडाले. चपला हातात घ्या. चवड्यांवर चला. मागच्या रांगेपासून सुरुवात, एकामागे एक, आणि जो खोकेल तो आपला नाही."

चौकात असा सन्नाटा झाला, की पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीच्या कानातल्या यंत्राची शिट्टी मंचावर ऐकू आली. मग मागच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने वाकून चपला काढल्या. त्याच्या शेजाऱ्याने काढल्या. बघता बघता दोन हजार माणसांनी चपला हातात घेतल्या, झेंडे काखेत मारले आणि चौक चवड्यांवर चालू लागला. एकशेदहा किलोचा खाटीक मांजरासारखा चालला होता. ढोलवाल्याने ढोल छातीशी धरला होता, निजलेलं मूल न्यावं तसा. म्हाताऱ्यांच्या खुर्च्या लोक उचलून नेत होते, एक पायसुद्धा घासू न देता. या शहरात इतकी माणसं इतक्या शहाणपणाने याआधी कधी चालली नव्हती, आणि पुढेही चालली नाहीत.

मामा मंचावरून उतरून रांगेच्या पुढे जाऊन पोचले. चौकाच्या कडेला त्यांना मागून भाच्याचा आवाज ऐकू आला, लाऊडस्पीकरमधून.

"थांबा. कुठे चाललात? मी ठासून सांगतो, थांबा."

रांगेतली दोनशे डोकी वळली. भाचा माईक धरून एकटा उभा होता. आता त्याने काय सांगावं? मैदानात कुणी नाही, असं म्हणावं, तर मग कुठे आहेत? आकडा ज्याच्या तोंडून आला, तोच माणूस पत्ता सांगत होता. आकडा खरा ठेवायचा तर पत्ताही खरा मानायला हवा.

"शू," रांगेतला एकजण बोट ओठावर ठेवून त्याला म्हणाला. "साहेब, हळू. पळतील ते."

"शू," दहाजण म्हणाले.

"खाली या साहेब," खाटीक कुजबुजला. "चपला काढून या."

भाचा उतरला नाही. रागाने त्याने मंचाच्या फळीवर टाच आपटली. मामांना त्या आपटण्याचा आवाज शंभर पावलांवरून कळला, कारण त्याच्या मागोमाग दुसरा एक आवाज आला, खालून, ओला, एखाद्या मोठ्या जनावराने गिळावं तसा. रांगेतल्या कुणाला तो कळला नाही. मामांनाच कळला.

मागे वळावं असं त्यांच्या मानेला वाटलं. मान वळली असती, तर मागचा वळला असता, त्याच्या मागचा वळला असता, आणि साहेब अडकले म्हणून सगळेच्या सगळे धावत परत चौकात आले असते. त्या पोराला त्यांनी सायकल शिकवताना मागून धरलं होतं, तापात तीन रात्री मांडीवर घेतलं होतं. मामांनी मान सरळ ठेवली. एक पाऊल. दुसरं. "चला," ते पुढचा श्वास सापडल्यावर म्हणाले. "हळू. थोडंच राहिलं."

टाकीच्या रस्त्यावर मीटरच्या झाकणाशी ते पोचले तेव्हा रांगेचं शेपूट चौकातून बाहेर पडत होतं. मैदान समोर होतं. मोकळं. एक कुत्रं होतं त्यात, तेही झोपलेलं.

"कुठायत?" रांगेतल्या पहिल्याने विचारलं. "मामा, कुठायत ती माणसं?"

मामांनी वाकून झाकण सारलं. "या. बघा. ही इथे आहेत सगळी. गल्लीतले नळ बंद असतानासुद्धा हा काटा असाच..."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. मागे चौक गेला. आधी झेंड्यांच्या काठ्या आपसात आदळल्यासारखा कडकडाट, मग बराच वेळ नुसता माती ओतल्याचा आवाज, मग पाण्याचा. दोन हजार माणसं, हातात चपला, तोंडं उघडी, वळून बघत होती. मंच नव्हता. मंचाच्या जागी हौदाएवढं भगदाड होतं आणि त्यात लाऊडस्पीकरचा कर्णा उलटा तरंगत होता.

मामा वळले. आता वळता येत होतं. त्यांना काही दिसेना. चष्मा होता, डोळे होते, पण तोवर उडालेल्या धुळीने सगळा चौक पांढरा झाला होता.

धुळीतून भाचा आला. अनवाणी. एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, मफलर नाही. शेवटच्या क्षणी तो उतरला होता, आणि उतरल्यावर चवड्यांवर चालत आला होता. हे रांगेच्या शेपटाने पाहिलं होतं आणि त्यातल्या कुणी ते नंतर कधीच कबूल केलं नाही. लोकांनी त्याला वाट दिली. कुणीतरी त्याच्या हातात भोंगा दिला. सवयीने त्याने तो तोंडाला लावला.

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. मग मीटरच्या खड्ड्याकडे. मग मामांकडे.

"मित्रांनो," भाचा म्हणाला. "आकडा मामांचा होता. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. म्हातारा माणूस, चूक झाली त्यांची. आपली सगळ्यांची फसगत झाली."

गर्दीतून एक चप्पल आली आणि मामांच्या कपाळाला लागली. चांगली जड होती. दुसरी आली ती चुकली. मामांनी चष्मा सावरला. त्यांना चपलेचं काही वाटलं नाही. ते भाच्याच्या पायांकडे बघत होते, दोन्ही पायांकडे, आळीपाळीने.

"बरोबर बोलतोय तो," ते मोठ्याने म्हणाले. "आकडा माझाच. नळ बंद करून बघायला हवं होतं, बघितलं नाही. गल्लीत दोनशे दहाच माणसं आहेत. बाकी सगळं पाणी. आता घरी जा सगळे. चौकातून नको, मागच्या रस्त्याने."

लोक गेले. कुणी शिव्या देत, कुणी भगदाडाचे फोटो काढत. दोघंतिघं आपसात म्हणत होते, की एवढी पोकळी आपोआप होत नाही, म्हणजे खाली कुणीतरी नक्कीच राहत होतं. न्हावी त्यांच्यात होता.

मामा मीटरच्या कठड्यावर बसले होते. भाचा त्यांच्यासमोर उभा होता, भोंगा खाली धरून. पलीकडे कॅमेरेवाले त्याची वाट बघत होते.

"तू मागे वळून बघितलं नाहीस," तो म्हणाला. पडद्यावरचा नव्हे, घरातला आवाज.

"वळलो असतो तर दोन हजार वळले असते."

"मला आवाज आला खालून. मला वाटलं तू बघशील. मी तुझ्या पाठीकडेच बघत होतो." तो थांबला. "दोन हजारांत मला धरलं नव्हतंस?"

मामांनी पिशवीतून फडकं काढलं, भाच्याचा चिखलाचा पाय पुढे ओढला आणि पुसायला लागले. भाच्याने थोडा वेळ पाय तसाच राहू दिला. मग कॅमेरेवाल्यांनी हाक मारली, तेव्हा त्याने तो काढून घेतला आणि अर्धा पुसलेला पाय टाकत तिकडे गेला.